बर्फानं मोकळी केलेली खाडी

शनिवारवाडा आधीचा की समुद्र आधीचा? हसू नका. समुद्र आधीचा हे मलाही ठाऊक आहे. पण पृथ्वीच्या पाठीवर समुद्राची एक खाडी अशी आहे की तिच्यापुढं आपला शनिवारवाडा वयानं थोरला ठरतो. वाडा १७३२ साली उभा राहिला. तेव्हा त्या जागी ही खाडी नव्हतीच.

तिचं नाव ग्लेशियर बे. अलास्काच्या नकाशाला कॅनडाच्या कडेकडेनं खाली उतरलेली एक शेपटी आहे ना, तिच्या वरच्या टोकाशी ही खाडी सापडेल. तुमच्या आत्यानं मला आणि आजीला सिएटलहून क्रूझवर बसवलं आणि आम्ही तिथं जाऊन आलो. उन्हाळ्यात मुलांकडं गेलेले कितीतरी मराठी आजीआजोबा हा प्रवास करतात. डेकवर इथंतिथं मराठी कानावर पडायचं. बोटीवर खायला काय काय होतं ते आजीला विचारा, ती रंगवून सांगेल. मी बर्फाचं सांगतो.

खाडीच्या तोंडाशी पोचलो ती सकाळची वेळ. एक छोटी होडी आमच्या अवाढव्य बोटीला येऊन भिडली आणि राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर दोराच्या शिडीनं चढून वर आले. बोट थांबली नव्हती बरं का, हळूहळू चालतच होती. दिवसभर ते आमच्याबरोबर राहिले. इथून खाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ १०५ किलोमीटर जायचं होतं.

आता हे १०५ किलोमीटर नीट लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तेवढ्यात घडते.

खाडीच्या पश्चिमेला फेअरवेदर नावाची डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर ४,६७१ मीटरचं, आणि पॅसिफिक महासागर त्याच्यापासून अवघ्या वीसएक किलोमीटरवर. समुद्रावरून बाष्पानं भरलेला वारा येतो, डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळं ओझं तिथंच टाकतो. सह्याद्री मोसमी वाऱ्यांना अडवतो म्हणून आंबोलीला पाऊस कोसळतो, तोच हा नियम. आंबोलीला पाणी पडतं, इथं हिम पडतं. एका वर्षाचं हिम उन्हाळ्यात वितळून संपत नाही तोच पुढच्या वर्षीचं त्यावर बसतं. थरावर थर चढतात, खालचा थर दाबून दाबून घट्ट बर्फ होतो आणि स्वतःच्याच वजनानं उताराकडं सरकू लागतो. हीच हिमनदी.

अडीच-तीनशे वर्षांपूर्वी थंडी वाढली होती. तेव्हा अशा हिमनद्या एकमेकींना मिळत गेल्या आणि त्यांचा एकच अजस्र प्रवाह झाला. त्याची जाडी बाराशे मीटरांहून जास्त! म्हणजे कळसूबाईच्या पाऊण उंचीइतका बर्फ, आणि तो दरीतून खाली येतोय.

"मग तिथली माणसं?" धाकटीनं बरोबर विचारलं.

माणसं होती. त्लिंगित लोकांची गावं होती, सॅमन माशांनी भरलेले ओढे होते. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली एक कथा आहे. एका मुलीनं सहज चाळा म्हणून हिमनदीला हाक मारली, कुत्र्याला बोलवावं तशी. आणि हिमनदी आली! कुत्रा धावेल तितक्या वेगानं आली. गाव रिकामं करावं लागलं, लोक नावांतून निघाले. फक्त एकजण मागं राहिली. कुणी सांगतं ती मुलगी, कुणी सांगतं तिची आजी. पुढं हे लोक खाडीसमोरच्या सामुद्रधुनीपलीकडं हूना इथं वसले. भूवैज्ञानिकांनीही पुरावे तपासले. बर्फानं आणलेल्या गाळाखाली गाडल्या गेलेल्या झाडांचे बुंधे तिथं आजही सापडतात. बर्फ वाढत येऊन वस्ती आणि रान गिळून गेला, एवढं दोन्हीकडून जुळतं. अशा कथेला नुसती भाकडकथा म्हणून मोडीत काढणाऱ्या माणसांची मला कीव येते.

बर्फ खाडीच्या तोंडाबाहेर पोचला तो १७५०च्या सुमारास. तिथून तो उलटा फिरला.

१७९४ साली, महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीला वारले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, जॉर्ज व्हँकूवरच्या मोहिमेतल्या होड्या जोसेफ व्हिदबीच्या हाताखाली इथं आल्या. त्यांनी नकाशा काढला, पण त्यात खाडी अशी नव्हतीच. किनाऱ्याला सात-आठ किलोमीटरचा एक खळगा, आणि त्याच्या मागं बर्फाची भिंत. १८७९ साली जॉन म्यूर नावाचा निसर्गवेडा त्लिंगित वाटाड्यांच्या नावेतून आला. हातात व्हँकूवरचा नकाशा, आणि समोर साठ किलोमीटरांहून जास्त लांब पाणी! नकाशात जिथं बर्फ होता तिथून त्याची नाव वल्ही मारत गेली. १९१६पर्यंत बर्फ खाडीच्या पार टोकाशी, १०५ किलोमीटर मागं गेला होता.

इतक्या घाईनं का? नुसतं ऊन वाढलं म्हणून नाही. समुद्रात उतरणारी हिमनदी आपल्यापुढं दगडमातीचा बांध ढकलत आणते. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हटलंय. जोवर तिचं तोंड त्या बांधावर टेकलेलं आहे, तोवर समोरचं पाणी उथळ आणि हिमनदी सुरक्षित. हवा थोडी उबदार झाली, ती बांधावरून जरा मागं सरली, की तोंड खोल पाण्यात सापडतं. पाणी खालून वितळवतं, वरचे कडे आधाराविना तुटतात, आणि मग ती थांबत नाही. उथळ जागा मिळेपर्यंत मागंच जात राहते.

आता गंमत पाहा. बर्फ तोंडाकडून आत आत गेला, तेव्हा तोंडापाशी जमीन आधी उघडी पडली आणि टोकाशी सगळ्यात शेवटी. आमची बोट तोंडातून आत शिरली तेव्हा दोन्ही काठांवर स्प्रूस आणि हेमलॉकचं दाट रान होतं, खाली गुडघाभर शेवाळ. ती जमीन मोकळी होऊन दोनशे वर्षं उलटलेली. दुपारकडं झाडं ठेंगणी झाली. आल्डर नावाच्या झुडपांची गर्दी. आणखी पुढं नुसते चटयांसारखे पसरलेले ड्रायसचे वेल. शेवटी उघडे, खरवडलेले खडक, त्यांच्यावर बर्फानं ओढलेले चरे. एका दिवसात आम्ही अडीचशे वर्षं उलटी चाललो. मी तर म्हणेन, इतिहासाचा असा तास दुसऱ्या कुठल्या वर्गात होत नाही.

उघड्या खडकावर नत्र जवळजवळ नसतं, म्हणून सुरुवातीला फारसं काही उगवत नाही. आल्डरच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतलं नत्र पकडून मातीत आणतात. आपल्याकडं हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशाच गाठी, जिवाणू मात्र वेगळ्या जातीचे. आल्डरनं माती केली की स्प्रूस येतो, वाढतो आणि आपल्याच सावलीखाली आल्डरला संपवतो. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१६ साली इथं जमिनीचे छोटे चौकोन आखून ठेवले, दर काही वर्षांनी येऊन त्यांतली रोपं मोजली. त्याच्यामागं त्याच्या शिष्यांनी आणि पुढच्यांनी ते काम सोडलेलं नाही. नंतर असंही दिसलं की प्रत्येक काठावर हाच क्रम पाळला जातो असं नाही. बी कुठून किती लांबून आलं, यावरही बरंच ठरतं.

झाडं अशी आली, पण मासे कसे आले? सॅमन जन्मतो ओढ्यात, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालायला आपल्याच ओढ्याच्या पाण्याचा वास हुंगत परत येतो. मग जो ओढा बर्फाखालून कालपरवा बाहेर पडला, जिथं कुणी जन्मलाच नाही, तिथं कोण परतणार? उत्तर असं की थोडे सॅमन वाट चुकतात. ते भलत्याच ओढ्यात शिरतात आणि तिथंच अंडी घालतात. इथल्या नव्या ओढ्यांत सॅमन वसले ते या चुकलेल्यांमुळे. सॅमन आले की अस्वल येतं, गरुड येतो, आणि अर्धवट खाऊन टाकलेल्या माशांचं खत झाडांना मिळतं.

समुद्री पाणमांजरांची कथा उशिरा सुरू झाली. थंड समुद्रातल्या बहुतेक सस्तन प्राण्यांना कातडीखाली चरबीचा थर असतो, याला नाही. याची सारी भिस्त केसांवर. दाट जागी चौरस इंचाला दहा लाखांपर्यंत केस! त्याच केसांपायी फरच्या व्यापाऱ्यांनी या भागातून त्यांचं निसंतान केलं. १९६५ ते १९६९ दरम्यान दुसरीकडून सुमारे चारशे पाणमांजरं आणून आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावर सोडली. या खाडीत १९९५ साली ती बोटांवर मोजण्याइतकी होती, २०१२पर्यंत आठ हजारांवर गेली. आम्हाला पाठीवर पडून, पोटावर शिंपला ठेवून जेवणारी दिसली. खेकडे पकडणारे कोळी मात्र त्यांच्यावर खूश नाहीत, कारण तेच खेकडे यांनाही आवडतात.

आणि देवमासे. हंपबॅक जातीचे, बारा-पंधरा मीटर लांब. हिवाळा हवाईजवळच्या उबदार पाण्यात काढतात, तिथं पिल्लं होतात, पण खायला जवळजवळ काही मिळत नाही. म्हणून हजारो किलोमीटर पोहून उन्हाळ्यात इथं जेवायला येतात. उन्हाळ्यातले लांब दिवस आणि गार, पोषक पाणी यांमुळे इथं सूक्ष्म जीव, त्यांवर क्रिल आणि हेरिंग मासे बेसुमार वाढतात. प्रत्येक देवमाशाच्या शेपटीखालचं काळंपांढरं रेखाटन वेगळं, त्यावरून शास्त्रज्ञ त्यांना ओळखतात. हंपबॅक आपल्या अरबी समुद्रातही आहेत हं. ते मात्र असला लांबचा प्रवास करत नाहीत, बारा महिने अरबी समुद्रातच राहतात. जगातल्या हंपबॅकांत असे हेच.

दुपारी मार्जरी हिमनदीपुढं बोट थांबली. पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच, दीडएक किलोमीटर रुंद निळसर भिंत. थोरल्यानं मला विचारलं होतं, बर्फ निळा कसा? हिमात हवेचे असंख्य बुडबुडे असतात, ते सगळे रंग उधळून टाकतात म्हणून ते पांढरं दिसतं. हिमनदीतला जुना बर्फ दाबानं इतका घट्ट झालेला असतो की प्रकाश खोल आत जातो. बर्फ त्यातला तांबडा रंग शोषतो आणि निळा परत पाठवतो.

आधी दिसतं, मग ऐकू येतं. एक कडा निखळला, पाण्यात पडला, पाणी उसळलं, आणि मग गडगडाट आला. बोट हिमनदीपासून चारशे मीटरांहून दूर असते आणि आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, हिशेब तुम्हीच करा. पाण्याखाली तर याहून मोठा गोंगाट असतो. वितळत्या बर्फातून दाबलेली जुनी हवा फटाफट फुटून बाहेर पडते. मोजमाप केलं तेव्हा अशा खाड्या जगातल्या सर्वांत गोंगाटी समुद्रांत निघाल्या. सील माद्या हिमनगांच्या तुकड्यांवर पिल्लं देतात. कानांनी शिकार शोधणाऱ्या ऑर्कापासून हा गोंगाट त्यांना लपवत असावा, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

बर्फ गेला, पण त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. गादीवरून माणूस उठला की दबलेला कापूस सावकाश वर येतो, तशी ओझं उतरलेली इथली जमीन वर येतेय. खाडीच्या तोंडाशी गस्टाव्हस गाव आहे, तिथं वर्षाला जवळजवळ तीन सेंटिमीटर! जगभर समुद्र चढतोय आणि इथं तो उतरल्यासारखा दिसतो. पूर्वी भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या तिथल्या जमिनीवर एकानं चक्क गोल्फचं मैदान केलंय.

"म्हणजे बर्फ वितळतो ते आपोआपच?" हा प्रश्न थोरल्याचा, आणि यात फसगत होते म्हणून सरळ सांगतो. ग्लेशियर बेची पहिली माघार माणसानं घडवलेली नाही. ती सुरू झाली तेव्हा आगगाड्यादेखील नव्हत्या. आता अलास्कातल्या बहुतेक सगळ्या हिमनद्या आटताहेत, त्यात माणसाच्या धुराचा मोठा हात आहे. पहिल्या गोष्टीचा दाखला देऊन दुसरी नाकारणारी माणसं तुम्हाला भेटतील. त्यांना तारखा विचारा.

आमची बोटही धूर सोडतच गेली, हे लपवत नाही. २००१ साली अशाच एका मोठ्या बोटीची धडक बसून एक हंपबॅक मादी मेली. तिचा सांगाडा खाडीतल्याच बार्टलेट कोव्ह इथं उभारलाय. तिथून थोड्याच अंतरावर हूना त्लिंगितांचं सामूहिक घर २०१६ साली उभं राहिलं, त्यांच्या जुन्या भूमीवर. आता खाडीत दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ बोटी सोडतात आणि देवमासे असतील तिथं वेग कमी ठेवायला लावतात. दोनऐवजी एकच सोडली तरी माझी तक्रार नाही.

म्हणून पुढं कधी जाल तेव्हा तिकीट काढायच्या आधी मार्गाची यादी वाचा. अलास्काला जाणाऱ्या सगळ्याच बोटी या खाडीत शिरत नाहीत. जॉन्स हॉपकिन्स हिमनदीची चिंचोळी खाडी पाहायची असेल तर सप्टेंबर गाठा. सीलची पिल्लं लहान असतात म्हणून ३१ ऑगस्टपर्यंत क्रूझ बोटींना तिथं बंदी असते. आणि त्या दिवशी जेवणाच्या वेळेला आत जाऊ नका. डेकवरच उभे राहा, कानटोपी घालून.