पाळकाचं घर : नगर ते मुनिरका

मुनिरका गावात चर्च शोधायला निघालेल्या माणसाने मनोरा किंवा घंटा शोधू नये. दक्षिण दिल्लीत, बाह्य रिंग रोडला लागून आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी हे जुनं जाट गाव आहे. टोकस कुळातल्या लोकांची शेती सरकारने शहरासाठी संपादित केली आणि गावठाण तेवढं ‘लाल डोऱ्या’च्या, म्हणजे महसुली नोंदीतल्या गावठाणाच्या हद्दीच्या, आत उरलं. त्या गावठाणात आता चार-पाच मजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. गल्ली इतकी अरुंद की वरच्या सज्जातून समोरच्या सज्जात हात पोचावा. या इमारतींच्या छोट्या खोल्यांत मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल, मेघालयातून आलेली मुलं-मुली राहतात. कुणी शिकतं, कुणी कॉल सेंटरमध्ये, कुणी मॉलमधल्या दुकानात, कुणी रुग्णालयात काम करतं. यांतले बरेच जण ख्रिस्ती आहेत, आणि रविवारी त्यांच्या मंडळ्या आपापल्या भाषेत भरतात. कुठे भाड्याच्या सभागृहात, कुठे दुसऱ्या एखाद्या चर्चच्या इमारतीत ठरलेल्या वेळेपुरती, तर कुठे चक्क राहत्या घरात.

या मंडळ्यांवर लिहिलं गेलं आहे. डंकन मॅकड्यूई-रा या अभ्यासकाचं दिल्लीतल्या ईशान्य भारतीयांवरचं पुस्तक 2012 साली आलं. स्थलांतरितांच्या आयुष्यात चर्चला किती मोठं स्थान आहे, हे त्यात नीट दिसतं. मात्र माझं लक्ष ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा जातं, ते पाळकाचं घर अशा लेखनात कडेलाच राहतं. उपदेश रविवारी तासभर चालतो. उरलेला आठवडाभर त्या घराची चूल, बिछाने, मुलांच्या परीक्षा, घरभाडं आणि रात्री-अपरात्री वाजणारा फोन हे सगळं श्रद्धेच्याच हिशोबात चालू असतं, आणि तो हिशोब बहुतेक वेळा पाळकाची बायको सांभाळत असते. मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. अशा घराचं सगळ्यात खरं आणि सगळ्यात जिवंत चित्र मराठीतच आहे, आणि ते एका पाळकाच्या बायकोनेच काढलेलं आहे.

त्या चित्राआधीचा काळ थोडक्यात सांगतो. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं आणि 1831 साली अहमदनगरला पोचलं. 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. हरिपंत खिस्ती, रामकृष्णपंत मोडक ही सुरुवातीच्या एतद्देशीय पाळकांची नावं. मुंबईत गणपतराव नवलकर पाळकीही करत आणि मराठीचं व्याकरणही लिहीत. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गावच वसवलं. बाबा पदमनजी काही वर्षं पुण्यात पाळक होते. ‘यमुनापर्यटन’चे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण धर्मांतरानंतर त्यांच्या पहिल्या पत्नीने त्यांच्यासोबत नांदायला नकार दिला, हे सहसा सांगितलं जात नाही. त्या पिढीतल्या कितीतरी पाळकांच्या संसाराची सुरुवातच अशी मोडण्यापासून झाली. आत्मचरित्रं पुरुषांनी लिहिली, त्यामुळे मोडलेल्या बाजूने काय वाटलं ते कागदावर फारसं उतरलं नाही.

ते उतरलं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना ते आधी सांगितलेलं नव्हतं. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या. पुढे टिळकांजवळ नगरला आल्या, तेव्हाही त्यांनी चूल आणि पाणी वेगळंच ठेवलं. ज्या मुलीच्या वडिलांनी सोवळ्याच्या वेडापायी सगळ्या घराला छळलं होतं, तिला स्वतःचं सोवळं सुटायला वेळ लागणारच. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही मधली वर्षं. एकाच संसारात दोन धर्म आणि दोन स्वयंपाक, आणि तरीही दोघं एकमेकांना सोडत नाहीत. टिळकांनी बायकोवर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनातून जातिभेद निघून गेला. तो कुणाच्या उपदेशाने गेला नाही, त्यांच्या स्वतःच्या विचाराने गेला. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या नोंदवहीत ही एक ओळ असेल. पुस्तकात मात्र एका बाईने स्वतःच्या पायांनी ओलांडलेला लांबलचक रस्ता आहे.

त्यानंतरचं टिळकांचं घर हे पाळकाच्या घराचं मूळ रूपच म्हणावं लागेल. एकोणिसावं शतक संपता संपता पडलेल्या मोठ्या दुष्काळात अनाथ झालेली मुलं त्या घरात आली. कुणी शिकायला, कुणी दुखण्यातून उठायला, कुणी नुसतंच राहायला येई. पगार हातात आला की टिळक तो ज्याला गरज दिसेल त्याला देऊन टाकत. किराण्यासाठी दिलेल्या पैशांची सुंदर दौत घेऊन घरी येणारे टिळक मराठी वाचकाच्या चांगले ओळखीचे आहेत. लक्ष्मीबाईंनी हे इतक्या प्रसन्नपणे लिहिलं आहे की वाचताना आपण हसतो आणि पुढे जातो. पण त्या दिवशी त्या घरात तांदूळ नव्हते. पाळकाच्या औदार्याची गोष्ट ऐकली की आधी त्या घरातल्या डब्यांकडे पाहावं, असं मला हे पुस्तक वाचल्यापासून वाटत आलं आहे. नवरा देत होता आणि बायको पुरवत होती. पुरवणं हीसुद्धा तितकीच मोठी सेवा होती.

तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, या घरात मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले आणि घराने त्यांना तसंच सांभाळलं. आज धर्मांतराच्या नावाने प्रत्येक ख्रिस्ती उंबरठ्याकडे संशयाने पाहिलं जातं, तेव्हा हे उदाहरण मुद्दाम सांगावंसं वाटतं. जेवायला वाढताना या घराने कुणाचा धर्म विचारला नाही.

टिळकांना भजन-कीर्तन उपासनेत हवं होतं. त्यांच्याआधी नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातलेला होताच. टिळकांनी शेकडो गीतं लिहिली आणि ती आजही मराठी मंडळीत दर रविवारी गायली जातात. घरातलं रोजचं वातावरणही या गाण्यांनीच बनलं असणार. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात येऊ शकत. विचार फार मोठा होता, पण त्यासाठी घराचा बांधलेला पगार गेला. 9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. ज्या बाईला जोडाक्षरं लिहिताना अडखळायला होई, तिने ते काव्य पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागलं आणि 1936 साली लक्ष्मीबाई गेल्या.

त्याच काळातलं दुसरं एक घर अगदी निराळं होतं. रेव्हरंड सुमंतराव करमरकरांच्या पत्नी गुरुबाई अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून 1892 साली डॉक्टर झाल्या आणि मुंबईला परतून त्यांनी मिशनमध्ये वैद्यकीय काम केलं. पाळकाच्या पत्नीचा स्वतःचा व्यवसाय आणि स्वतःचा रुग्णवर्ग असू शकतो, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवलं. तरी पुढच्या काळात मंडळ्यांनी ‘पाळकीणबाई’ या पदाचा साचा त्यांच्यावरून घडवला नाही. संडे स्कूल, स्त्री मंडळ, नाताळची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी आणि येणाऱ्या प्रत्येकाला चहा, एवढं सगळं न सांगता, न मागता आणि बिनपगारी करणारी बाई अशीच अपेक्षा रुजली. मराठवाड्यातल्या, नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ती अजून तशीच आहे.

आता पुन्हा मुनिरका. हा रस्ता वाटतो तितका लांब नाही. यवतमाळला 1953 साली सुरू झालेलं युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली पुण्यात बिबवेवाडीला आलं. तिथे ईशान्येकडच्या कितीतरी मुलामुलींनी ईश्वरविज्ञानाचं शिक्षण घेतलं आहे. दिल्लीत नागा किंवा मिझो मंडळीचा पाळक भेटला आणि त्याने पुण्याच्या टेकड्यांची, मिसळीची आठवण काढली, तर आश्चर्य वाटायला नको.

या पाळकांच्या मागे एक वेगळीच परंपरा आहे. नागा टेकड्यांत मिशनरी ई. डब्ल्यू. क्लार्क 1872 साली पोचले. त्यांच्याआधी गोधुला हा आसामी प्रचारक तिथे जाऊन आला होता. मिझोराममध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी 11 जानेवारी 1894 रोजी पोचले. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत तिथलं गावच मंडळी झालं. पाळकाचं घर गावाच्या मध्यावर आणि त्याचा खर्च गावाच्या दशमांशातून. मिझो बायकांनी 1910 साली ‘बुहफाइ थाम’ सुरू केलं : प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी भांड्यात तांदूळ घालण्याआधी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढायचे. या मुठीमुठीतून गोळा झालेल्या पैशांवर आजही मोठी कामं चालतात. पुरुषांच्या हाती व्यासपीठ होतं, पण मंडळीचा पैसा चुलीपाशी उभा राहिला.

हीच माणसं दिल्लीला येतात तेव्हा गाव मागे राहतं. इथे मंडळी विशी-पंचविशीतली असते, दर दोन-तीन वर्षांनी निम्मी बदलते आणि तिचा पगार महिनाअखेरीला संपलेला असतो. पाळकाची खोली मुनिरकात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर. त्या दोन खोल्यांत संसार, अभ्यास, समुपदेशन आणि पाहुणे, सगळंच मावावं लागतं. एम्स आणि सफदरजंग ही दोन्ही मोठी रुग्णालयं इथून जवळ. गावाकडून उपचारासाठी आलेलं कुटुंब पहिला मुक्काम बहुधा आपल्या भाषेच्या पाळकाकडेच करतं. जमिनीवर चटया पडतात आणि मुलांची वह्या-पुस्तकं पलंगाखाली जातात. सकाळी सहाच्या रांगेत उभं राहायला कुणाला तरी हिंदी यावं लागतं. ते पाळकाला येत नसेल तर त्याच्या शाळकरी मुलीला येतं, आणि मग तीच जाते.

मरण आलं तर काम आणखी वाढतं. परगावी गेलेल्या मुलाचं पार्थिव विमानाने इंफाळला, दिमापूरला किंवा ऐझॉलला न्यायचं म्हणजे पोलिसांचे कागद, रुग्णालयाचे कागद, पेटी, विमानाचं मालवाहतूक कार्यालय आणि तेवढे पैसे. आईवडील हजारो मैलांवर फोन धरून बसलेले असतात. त्या रात्री पाळकाच्या घरात प्रार्थना चालू असते आणि स्वयंपाकघरात जागरणाला आलेल्यांसाठी चहा उकळत असतो.

या घरांना वासाचंसुद्धा भय बाळगावं लागलं. दिल्ली पोलिसांनी 2007 साली ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत बांबूचे कोंब, अखुनी (आंबवलेलं सोयाबीन) असे उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत, असा सल्ला होता. 2014 च्या जानेवारीत लाजपत नगरमध्ये अरुणाचलच्या नीडो तानिया या विद्यार्थ्याला मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली. त्या दिवसांत मुनिरकासारख्या वस्त्यांत घरमालक आणि भाडेकरू यांच्यातला ताण वाढला होता. अशा वेळी पाळकाला दोन्हीकडे बोलावं लागतं : मुलांना रात्री एकटं फिरू नका म्हणायचं आणि घरमालकाच्या ओट्यावर बसून त्यांच्या बाजूने शब्द टाकायचा. यात मला तडजोड दिसत नाही. ज्याच्या शब्दावर दोन्हीकडचे थोडा तरी विश्वास ठेवतात, असा माणूस अशा गल्लीत फार मोलाचा असतो.

मे 2023 मध्ये मणिपूर वांशिक हिंसाचाराने पेटलं. घरं जळालेली कुटुंबं दिल्लीत आली आणि मंडळ्यांनी आपली सभागृहं आणि घरं उघडली. ज्या पाळकाचं स्वतःचं गाव जळालं, त्यालाही रविवारी क्षमेवर बोलावं लागलं. या वाक्यापुढे मला पटकन जाता येत नाही. व्यासपीठावरून शत्रूवर प्रेम करा म्हणायचं आणि खोलीत परतल्यावर आईच्या जळालेल्या घराचा फोटो बायकोच्या मोबाइलवर पाहायचा. त्या आठवड्यांत अशा घरांत श्रद्धा जर टिकली असेल, तर ती युक्तिवादाने टिकली असेल असं मला वाटत नाही. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेने, रडत म्हटलेल्या गाण्याने आणि दुसऱ्या दिवशी निर्वासित मुलांसाठी भात शिजवावाच लागतो या सक्तीने ती टिकली असेल.

गाण्याचा फरक इथे स्पष्ट ऐकू येतो. टिळकांच्या मंडळीत टाळ आणि अभंग आहेत. मिझो-नागा मंडळ्या चार स्वरभागांत गातात आणि त्यांच्या वहीत रोमन अक्षरांतली सोल-फा स्वरलिपी असते. पण सराव कुठे होतो हे पाहिलं तर दोन्हीकडे उत्तर एकच मिळतं : पाळकाच्या घरात. डिसेंबर लागला की रोज रात्री तिथे तरुण मुलं जमतात, खालच्या मजल्यावरून तक्रार येते, मग सगळे आवाज खाली करून गातात.

पाळकाच्या मुलांविषयी कमी बोललं जातं. सगळ्या मंडळीची नजर त्यांच्यावर असते. त्यांनी सिनेमा पाहिला, उशिरा घरी आली, उपासनेला आली नाहीत, याची चर्चा होते. वडिलांच्या वेळेवर त्यांच्याआधी शंभर जणांचा हक्क असतो. दिल्लीत वाढलेल्या अशा मुलांना आणखी एक अडचण येते : वडिलांचा उपदेश ज्या भाषेत असतो ती त्यांना अर्धीच समजते, कारण शाळेत हिंदी-इंग्रजी आणि गल्लीत हरियाणवी हिंदी. काही मंडळ्यांनी आता मुलांसाठी इंग्रजीत वेगळी उपासना सुरू केली आहे. मला ती गरजेची वाटते, जरी त्यात आजीची भाषा थोडी मागे पडत असली तरी.

1970 च्या नोव्हेंबरमध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक मिशनच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. पाळकांची बदली, राहण्याची सोय, निवृत्ती यांना काहीएक व्यवस्था मिळाली. मुनिरकातल्या छोट्या मंडळ्यांपैकी बऱ्याच या छत्राच्या बाहेर आहेत. कुणाला गावाकडच्या मूळ संघटनेकडून थोडा आधार असतो, कुणाला फक्त रविवारच्या अर्पणाचा. तिथे पाळक आजारी पडला तर घरभाडं कोण भरणार, तो गेला तर त्याची बायको कुठे जाणार, याचं उत्तर कुठल्याही घटनेत लिहिलेलं नसतं. अनेक चर्चमध्ये स्त्रीला अजून दीक्षा मिळत नाही, पण पाळकाच्या पत्नीचं काम कोणत्या नावाने मोजायचं, हा प्रश्न दीक्षेच्याही अलीकडचा आहे. मंडळीच्या वार्षिक हिशोबात पाळकाचं मानधन, सभागृहाचं भाडं, ध्वनिक्षेपक, नाताळचं जेवण असे रकाने असतात. वर्षभर त्या घरात जेवून गेलेल्यांचा तांदूळ पाळकाच्या मानधनातूनच जातो. निदान तेवढा एक रकाना मंडळीने आपल्या वहीत घालावा. तो कसा भरायचा हे पाळकीणबाईंना विचारलं, तर त्या आकडा बरोबर सांगतील.