यहूदी लोकांचे सण व व्यवहार

कोंकणांतील कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यांत घाण्यावर तेल गाळून पोट भरणारे बेने इस्राएल लोक पूर्वीं पुष्कळ होते. शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. कारण गिऱ्हाईक दाराशीं आलें तरी शनिवारीं त्यांचा घाणा फिरत नसे. या एका नांवांत यहूदी सणांचें मर्म सांठविलेलें आहे.

यहूदी दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. म्हणून शब्बाथ शुक्रवारीं सायंकाळीं लागतो व शनिवारीं तारे दिसूं लागल्यावर संपतो. या अवधींत अग्नि पेटविणें, लिहिणें व पैशांची देवघेव करणें वर्ज्य असल्यामुळें स्वयंपाक व बाजार आधींच उरकावा लागतो. इस्राएल देशांत शुक्रवारीं दुपारपासूनच बहुतेक दुकानें मिटूं लागतात.

वार्षिक सण चांद्रमासाप्रमाणें येतात. ऋतूंशीं मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळां अधिक मास धरितात. आपल्या पंचांगांतीलच ही युक्ति होय. त्यामुळें इंग्रजी तारखा दरवर्षीं बदलतात, आणि व्यापाऱ्यास मालाच्या मुदती सण पाहून ठरवाव्या लागतात.

वल्हांडण सणांत खमिराचा पदार्थ जवळ बाळगणेंही निषिद्ध आहे. मग ज्याचें दुकान अशा मालानें भरलें आहे त्यानें काय करावें? तो रीतसर विक्रीपत्र करून माल अन्यधर्मीयास विकतो व सण संपल्यावर परत घेतो.

प्रायश्चित्ताचा दिवस सर्वांत कडक. सुमारें २५ तास अन्नपाणी वर्ज्य. इस्राएलांत मोटारी थांबतात व विमानतळही बंद राहतो. कोंकणांत यास ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशीं दारें लावून घेत. १९७३ सालीं ६ ऑक्टोबर रोजीं याच दिवशीं मिसर व सीरिया यांनीं इस्राएलावर हल्ला केला, तेव्हां उपास व प्रार्थना टाकून शिपायांस धांवावें लागलें. जीव वांचविण्यासाठीं शब्बाथही मोडावा, अशी त्यांच्या धर्मशास्त्राची आज्ञाच आहे. मात्र नफ्यासाठीं ती सवलत नाहीं.

बाजार शनिवारीं भरला, तर घाणा थांबविणाऱ्याचें नुकसान उघडच होतें. तरी त्यानें तें सोसलें, आणि शेजाऱ्यांनींही त्याचा नेम ओळखून त्यास तेंच नांव दिलें. विद्यार्थीमित्रहो, एखाद्या सोबत्याचा असा सण आपल्या परीक्षेच्या किंवा सामन्याच्या दिवशीं आला, तर त्याची अडचण हंसण्यावारी नेऊं नये. नेम पाळणें हें त्याचें काम. तो पाळण्यास त्यास वाव देणें हें आपलें.