शिमग्याला गावी जायचं तर

सिंगापुरात होळी रविवारी येते. पंचांगात ती गुरुवारी असो की सोमवारी, हिंदू सणाची सरकारी सुट्टी इथे एकच, दिवाळीची. त्यामुळे रंग खेळायचे ते पुढच्या-मागच्या रविवारी. चंदर रोडच्या लक्ष्मीनारायण मंदिरात जाऊन यायचं, पांढरे टी-शर्ट घालून कार्यक्रमाला जायचं, घरी पुरणपोळी. मजा येते, नाही असं नाही. पण मुलांना एकदा भारतातली होळी दाखवायची ठरवली, की पहिली आडवी येते ती शाळा.

२०२५ चंच बघा. होळी १३ मार्चला, धुळवड १४ ला, आणि शाळांची मार्चची सुट्टी सुरू झाली १५ तारखेला! एका दिवसाने हुकलं म्हणून बेत रद्द करणारी दोन-तीन कुटुंबं माझ्या माहितीत आहेत. त्यांना मी तेव्हाही सांगत होतो, आता लिहूनच टाकतो: मंडळी, एका दिवसात संपणारी होळी सिनेमातली. आपल्याकडे ती पंधरा दिवस पुरते.

नाशिकचंच घ्या. तिथे धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, पण रंग रंगपंचमीला. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीखालचे दगडी हौद, त्या दिवसासाठी उघडतात. एरवी त्यांच्यावर लाकडं आणि माती घालून वरून रस्ता चालू असतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, मानकरी ठरलेले. त्यात उडी मारणाऱ्याचा रंग दोन-चार दिवस तरी जात नाही. इंदूरला राजवाड्यासमोर रंगपंचमीची गेर निघते. होळकरांच्या काळाचा वारसा सांगणारी ती मिरवणूक पाहिलेला माणूस दुसऱ्या कुठल्या रंगांचं कौतुक करत नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात काठीची राजवाडी होळी रात्रभर चालते. अंगावर रंगरेघा, डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून माणसं पहाटेपर्यंत नाचतात आणि उंच बांबूची होळी उजाडता उजाडता पेटते. बीड जिल्ह्यातल्या विडा गावी मात्र जावईबापूंनी धुळवडीला जाऊ नये. तिथे जावयाची गाढवावरून वरात काढतात.

पण मला सांगायचं आहे ते कोकणाबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यात शिमगा फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाकपंचमीला सुरू होतो. काही गावांचा होम त्रयोदशीला, ते तेरसे शिमगे. काहींचा पौर्णिमेला, ते भद्रेचे. ग्रामदेवतेची धातूची रूपं पालखीत बसवतात, वस्त्रं नेसवतात आणि वर्षभर देवळात असलेला देव बाहेर पडतो. पालखी आधी सहाणेवर बसते, मग वाडीवाडीतून, घराघरातून फिरते. रत्नागिरी शहरात श्री देव भैरीची पालखी निघते तेव्हा रस्त्याला मुंगी शिरायला जागा नसते. कुठे रंगपंचमीला उत्सव आटोपतो, कुठे शिंपण्याला, तर कुठे पालखी पाडव्यापर्यंत बाहेर असते. बरोबर ढोल, ताशे, सनई, निशाण. शिवाय नमन-खेळे, त्यातला संकासुर, आणि साडी नेसून गोमू झालेला कुणाचा तरी तगडा मुलगा. मुंबईच्या चाकरमान्याला गणपतीइतकीच ओढ शिमग्याची असते, ती उगाच नाही. गणपती आपण घरी आणतो. शिमग्याला देव आपणहून दारात येतो.

आणि इथेच आपल्यासारख्यांची अडचण आहे. दार उघडायला कोणीतरी हवं.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे. आजी गेल्यापासून बंद. पालखी मात्र बंद घर वगळत नाही, निदान आमच्या गावात नाही. ती खळ्यात येते, थांबते, आणि शेजारच्या काकू आमच्या नावाने ओटी भरतात. पाच वर्षं हे असंच चाललं होतं. गेल्या जानेवारीत त्यांचा फोन आला. "तुमची घाटी आता चढवत नाही रे मला. यंदा येतोस का कोणी? नाहीतर मानकऱ्यांना सांगून ठेवते, म्हणजे पालखी खालूनच पुढे जाईल." त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या. पण एकदा पालखी खालून गेली की पुढच्या वर्षी ती खालूनच जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग शुक्रवारी शाळा सुटल्यावर रात्रीचं विमान पकडलं. मुंबई साडेपाच तास, पुढे रेल्वे. कोणत्या वाडीत पालखी कधी, याचं वेळापत्रक गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं असतं. त्यावर विसंबू नका. "रात्री नऊ" असं लिहिलं होतं. आमच्या घाटीखाली ढोल वाजला तेव्हा दीड वाजला होता. तोवर मुलं पडवीतच झोपून गेली होती. आम्ही दोन दिवस घर झाडत, खळं सारवत होतो. सारवायचं म्हणजे मी शेण कालवलं आणि बायकोने माझं सारवण पुन्हा केलं.

पालखी घाटी चढून आली. खळ्यात चौघांनी ती नाचवली, मग पाटावर टेकवली. बायकोने ओटी भरली. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं: हे लेकरू परमुलखातून आलंय, त्याची पोरंबाळं, त्याची नोकरी सांभाळ. चारही बाजूंनी "होय महाराजा" उठलं. धाकटी दचकून जागी झाली. अंगणात एवढी माणसं, एवढे दिवे आणि मधोमध देव! तिने विचारलं, हे सगळे आपल्याकडे आलेत? थोरल्याला नंतर पालखीच्या दांड्याला खांदा लावू दिला. त्याचा खांदा पोचत नव्हता, तरी दिला. काकूंना दोघा पोरांनी खुर्चीत बसवून वर आणलं होतं. त्या फक्त बघत होत्या.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. मानपानावरून भांडणं होतात. पालखी आधी कोणाच्या दारात, खांदा कोणाचा, यावरून काही गावांत पोलिसांच्या बंदोबस्तात शिमगा होतो. बोंबा आणि शिव्यांची परंपरा आहे, मुलांना आधी समजावून न्या. ढोलाचा आवाज लहानग्यांना सोसत नाही, कानात कापूस घाला. पण फणसाच्या कुयरीची भाजी, ओले काजू आणि मार्चमधली कोकणातली पहाट यांची भरपाई मे महिन्यात होत नाही, हेही खरं.

२०२६ मध्ये होळी २-३ मार्चला, रंगपंचमी ८ ला. शाळेची सुट्टी १४ ते २२ मार्च. म्हणजे होळी आणि रंग दोन्ही सुट्टीबाहेर, पण पाडवा १९ तारखेला. तुमच्या गावची पालखी कधीपर्यंत बाहेर असते, ते दिवाळीच्या फोनवरच विचारून घ्या. गावागणिक वेगळं असतं. गावात आता कोणी ओळखीचं उरलं नसेल तर ग्रामदेवतेच्या गुरवाला विचारा, तो घराची खूण पुरेल एवढं सांगतो.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. मडगावची वंदे भारत खेड आणि रत्नागिरीला थांबते, संगमेश्वरला नाही. तिथून पुढे गाडी सांगून ठेवावी लागते. १५ मार्चच्या तिकिटासाठी जानेवारीच्या मध्यावर बसायचं. तिकडे सकाळी आठला खिडकी उघडते, म्हणजे आपले साडेदहा. ऑफिसात त्या वेळी मीटिंग ठेवू नका.