दार कोण ठोठावतंय?

कॅमेरा घरातला, वाय-फाय घरातलं आणि मध्ये आडवा येतो आपलाच ब्राउझर! वैतागून ‘अलाऊ’ किंवा ‘ब्लॉक’ दाबण्याआधी एक मिनिट थांबा...

रविवारची सकाळ. सिडको एन-७ मधलं आत्याचं घर. आत्या-काका दोघंही नोकरीवाले, त्यामुळे दिवसभर आजी घरात एकटी. म्हणून तिच्या पलंगासमोर वाय-फाय कॅमेरा लावायचं ठरलं. ऑफिसमधून अधूनमधून बघता येईल, जिवाला घोर नाही! मी मास कॉम केलेली, कॉम्प्युटरशी संबंध टायपिंगपुरता. पण घरात ‘तिला कळतं त्यातलं’ अशी ख्याती असल्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं.

लॅपटॉपवर कॅमेऱ्याच्या कंपनीची साइट उघडली, ‘डिव्हाइस शोधा’वर क्लिक केलं. लगेच एक चौकट टपकली : ही साइट तुमच्या लोकल नेटवर्कवरची डिव्हाइस शोधू पाहतेय. अलाऊ की ब्लॉक? सवयीने ब्लॉक दाबलं. झालं! कॅमेरा समोर लुकलुकतोय आणि साइट म्हणतेय, ‘डिव्हाइस सापडलं नाही’. राउटर बंद-चालू केला, दोनदा चहा झाला. शेवटी ओळखीच्या एका टेक्निशियनने फोनवर रामबाण उपाय सांगितला, ‘ब्राउझरची सगळी सिक्युरिटी ऑफ करून टाका ना मॅडम!’

मी करणारच होते. तेवढ्यात पलंगावरून आजीने विचारलं, ‘अगं, यातून मला कोण कोण बघणार?’

हात थांबला.

घरातलाच समजून...

आपल्याला वाटतं, घरचं नेटवर्क म्हणजे एकदम सेफ. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराच्या आतच चालतात, बाहेरचा कुणी थेट तिथे पोहोचत नाही. बरोबर आहे. पण ब्राउझर घराच्या आत बसलेला असतो आणि तुम्ही उघडलेल्या प्रत्येक साइटचा कोड तिथेच चालवतो. हा कोड गुपचूप राउटरला, प्रिंटरला, कॅमेऱ्याला निरोप धाडू शकतो. राउटरला वाटतं, घरातलंच माणूस बोलतंय! त्याचं उत्तर साइटला वाचू द्यायला ब्राउझर पूर्वीपासून आडकाठी करायचा, पण निरोप मात्र पोहोचायचा. आणि कधीकधी नुसता निरोपच पुरतो.

इंडियाना युनिव्हर्सिटी आणि सिमँटेकच्या संशोधकांनी डिसेंबर २००६ मध्येच हे दाखवून दिलं होतं. राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवला असेल, तर नुसतं एक वेबपेज उघडल्याने त्याची सेटिंग बदलता येते. जानेवारी २००८ मध्ये मेक्सिकोत असा हल्ला खरोखर समोर आला. ई-कार्डाची मेल उघडायची, राउटरमधली नोंद बदलायची आणि मग बँकेचा पत्ता बरोबर टाइप करूनही माणूस पोहोचायचा भलत्याच साइटवर!

‘आपल्याकडे कुठे असलं काही?’ असं म्हणू नका. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमना मालवेअरने गाठलं, तेव्हा कंपनीने ग्राहकांना डिफॉल्ट पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. तो हल्ला ब्राउझरमधून आला नव्हता, पण उघडं राहिलेलं कुलूप तेच होतं.

ताजा किस्सा जून २०२५ चा. अँड्रॉइड फोनमधली फेसबुक आणि इन्स्टाग्रामची अ‍ॅप्स फोनच्या आतच कान लावून बसत होती आणि ब्राउझरमधल्या साइट्सवरचा मेटाचा कोड त्यांना चुगल्या पोहोचवत होता, हे युरोपातल्या संशोधकांनी उघड केलं. बोभाटा झाल्यावर मेटाने ते थांबवलं.

आता पहारेकरी आला

आपलं शहर दरवाजांचं. मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. दरवाजा म्हणजे भिंत नव्हे. येणाऱ्याला ‘कोण, कुठून, कशाला?’ विचारायची ती जागा. ब्राउझरला हे शहाणपण जरा उशिराच सुचलं. क्रोममध्ये ही परवानगीची चौकट ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आलेल्या १४२ व्या आवृत्तीपासून दिसू लागली. आयफोनवर अ‍ॅप्सना २०२० पासून, तर मॅकवर २०२४ च्या सिक्वोयापासून असंच विचारावं लागतं.

तर, पुढच्या वेळी डिव्हाइस सापडलं नाही तर...

\* डिव्हाइस जोडायला तुम्हीच त्या साइटवर गेला असाल, तर अलाऊ. बातम्या, रेसिपी किंवा शॉपिंगची साइट असं विचारत असेल, तर सरळ ब्लॉक!

\* चुकून ब्लॉक दाबलंय? क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, साइट सेटिंग्जमध्ये जा आणि फक्त त्या साइटपुरतं बदला.

\* मॅकवर राउटरचं पान कुठल्याच मार्गाने उघडत नसेल, तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमधलं लोकल नेटवर्क बघा. तिथे ब्राउझरचं बटण बंद असू शकतं.

\* लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर कुलूप तुमच्या आयटीवाल्यांनी लावलेलं असू शकतं. घरी खटपट करण्यापेक्षा त्यांनाच विचारा.

\* राउटर आणि कॅमेरा, दोघांचेही मूळ पासवर्ड आजच बदला.

मी तेच केलं. कॅमेऱ्याच्या एकाच साइटला परवानगी दिली, पासवर्ड बदलले आणि पाच मिनिटांत चित्र दिसायला लागलं. टेक्निशियनला फोन करायची गरजच पडली नाही.

‘आत्या आणि काका बघणार, आजी. बाकी कुणी नाही,’ मी सांगितलं.

‘आणि मी झोपल्यावर?’

यावर माझ्याकडे सेटिंग नव्हती. आजीकडे होती. हल्ली दुपारी एक ते चार त्या कॅमेऱ्यावर तिचा रुमाल असतो. आत्या ऑफिसातून फोन करून विचारते, ‘आई, दिसत नाहीयेस गं!’

आजी म्हणते, ‘ब्लॉक केलंय.’