वीस किलो बाजरी आणि एक चिमूट

१ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या पुलावर उभं राहून पाहिलंय कधी? पेरणे गावातल्या जयस्तंभाकडे निघालेली माणसं, माणसं आणि माणसं! समजा, त्या दिवशी पाच लाख लोक आले. आता ऐका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले दिव्यांग भरले २९ लाख ६३ हजार. म्हणजे असे सहा १ जानेवारी, एकाच पुलावर, एकाच सकाळी!

डोळ्यांत मावत नाही ना? मग लोकलमध्ये भरू. बारा डब्यांची गाडी, ऐन गर्दीची, दाराला लोंबकळणारी: धरा पाच हजार माणसं. गाड्या लागतील ५९३. एकेक गाडी पाव किलोमीटरची. एकीला एक जोडत जा. शेवटचा डबा सीएसएमटीत, तर पहिला लोणावळा मागे टाकून कामशेतच्या आसपास! देशातले २ कोटी ६८ लाख बसवले तर मुंबईहून लावलेल्या या रांगेला दिल्ली गाठायला जेमतेम पन्नास किलोमीटर उरतात. आणि जगातले? जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा १३० कोटी. २ लाख ६० हजार लोकल. पृथ्वीला दीड वेढा घालूनही जवळपास पाच हजार किलोमीटर डबे हातात उरतात.

आणि या एवढ्या माणसांपैकी कॉम्प्युटर, मोबाइल आता कुणाला चुकलाय? सातबारा त्यावर, पेन्शन त्यावर, परीक्षेचा अर्जही त्यावरच.

आता अंध माणसाच्या बाजूने या यंत्राकडे बघू. साध्या स्क्रीनवर आडवे १,९२० ठिपके, उभे १,०८०. गुणाकार करा: २० लाख ७३ हजार ६००! शिरूर तालुक्यातल्या माणसाला समजेल अशा मापात सांगतो. एक ठिपका म्हणजे बाजरीचा एक दाणा. हजार दाण्यांचे दहा ग्रॅम धरले तर ही झाली वीस किलो बाजरी. डोळस माणूस एका नजरेत अख्खं खळं पाहतो. अंध माणसाच्या बोटांखाली उठावाची अक्षरं उमटवणारा ब्रेल डिस्प्ले असेल, चाळीस घरांचा, दर घरात आठ टाचण्या, तर एका वेळी ठिपके मिळतात ३२०. वीस किलोतली तीन ग्रॅम. चिमूटभर!

बरं, हे ब्रेलचं यंत्र स्वस्त नाही. लाखाला एक धरू. जनगणनेत महाराष्ट्रातले दृष्टिबाधित ५ लाख ७४ हजार. प्रत्येकाला एक द्यायचं तर ५,७४० कोटी रुपये. पाचशेच्या नोटा एकावर एक रचल्या तर साडेअकरा किलोमीटर उंच चळत. एव्हरेस्ट खाली राहिलं. सात कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर!

इथे खरी गंमत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या तरुणाने, जो स्वतः अंध, स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम लिहायला घेतला. पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. प्रोग्रामचं नाव एनव्हीडीए. मराठीही वाचतो. किंमत? शून्य रुपये. साडेअकरा किलोमीटरची चळत एका फुंकरीत गायब.

आणि वेग ऐका. आपण बोलतो मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द. सराईत अंध माणूस या प्रोग्रामला चारशेवर पळवतो. आपल्याला ती नुसती मधमाश्यांची गुणगुण वाटते. कोरेगाव भीमाहून पुण्याला एक तास धरा (वाघोलीच्या ट्रॅफिकने कृपा केली तर!). तेवढ्यात २४ हजार शब्द, छापील ऐंशी पानं, कानात. आता दुसरं टोक. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग, शरीर लुळं पडल्यावर, गालाच्या हालचालीवर कॉम्प्युटर चालवायचे, आणि एका टप्प्यावर त्यांचा वेग मिनिटाला एका शब्दावर आला होता. तेच २४ हजार शब्द लिहायला दिवसरात्र न थांबता ४०० तास. सोळा दिवस आणि वर सोळा तास! तरी ते लिहीत राहिले.

मग घोडं अडतं कुठे? वेबसाइट बनवणाऱ्यांपाशी. युटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या वेबएम या संस्थेने २०२४ मध्ये दहा लाख वेबसाइटची फक्त पहिली पानं तपासली. दिव्यांगांची वाट अडवणाऱ्या चुका निघाल्या ५ कोटी ६७ लाख ९१ हजार २६०. दर सेकंदाला एक मोजायला बसलात तर ६५७ दिवस, झोप नाही, जेवण नाही. रस्त्यावरचे खड्डे समजून मुंबई-पुणे दीडशे किलोमीटरवर पसरले तर दर मीटरला ३७९. एका ढांगेत पावणेचारशे खड्डे! आणि हे नुसते यंत्राला सापडलेले, तेही उंबऱ्यावरचे. घरात अजून कुणी शिरलेलंच नाही. त्यातल्या कितीतरी चुका एका ओळीच्या: फोटोच्या कोडमध्ये तो कशाचा आहे ते लिहिलेलं नाही, फिकट अक्षरं फिकट पाटीवर. हा मला निव्वळ आळस वाटतो.

३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खटल्यातला एक मुद्दा होता केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याचा. अॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या माणसाने काय मिचकावायचं?

आज एक करा. तुमच्या विंडोज कॉम्प्युटरवर विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबा. यंत्र बोलू लागेल. डोळे मिटा, माउस बाजूला ठेवा आणि तुमचं विजेचं बिल शोधून दाखवा. किती मिनिटं लागली ते मोजा. बंद करायच्या कळा त्याच तीन आहेत.