पॉलिकार्बोनेट : गुण, उपयोग व मर्यादा

'प्लास्टिक' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो की, भाजीची पातळ पिशवी, बाटलीचे झाकण आणि हेल्मेटची पुढची पारदर्शक काच ही सर्व एकाच द्रव्याची बनलेली आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः ही द्रव्ये भिन्न असून प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. हा भेद समजावून देण्यास पॉलिकार्बोनेट हे उदाहरण फार सोयीचे आहे. शिवाय मुलांचे डोळे व पिण्याचे पाणी या दोहोंशी त्याचा संबंध येत असल्यामुळे शिक्षकास त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

'पॉली' म्हणजे अनेक. कार्बोनेट गटांनी एकमेकांस जोडलेल्या रेणूंची लांबच लांब साखळी म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीतील बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांस ठाऊक नसताना, हे द्रव्य तयार केले. बिस्फेनॉल-ए हा त्याचा एक मुख्य घटक होय. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

या द्रव्याचा पहिला गुण म्हणजे आघात सोसण्याची शक्ती. काचेवर दगड बसला की तडा जातो व तो क्षणात पसरतो. पॉलिकार्बोनेटमधील गुंतलेल्या साखळ्या मात्र आघात होताच किंचित सरकतात व त्याचा जोर आपल्यात जिरवितात. त्यामुळे पत्रा वाकेल, पण त्याच्या ठिकऱ्या सहसा उडत नाहीत. दुसरा गुण पारदर्शकता. त्यातून सुमारे ८८ ते ९० टक्के प्रकाश पार जातो. तिसरा गुण हलकेपणा. त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.२ पट, तर नेहमीच्या काचेची सुमारे २.५ पट असते. उकळत्या पाण्याच्या उष्णतेने ते मऊ होत नाही. त्यास सुमारे १४७ अंश सेल्सिअस तापमान लागते. शिवाय ते विद्युत्‌रोधकही आहे.

या गुणांवरूनच त्याचे उपयोग ठरले आहेत. हेल्मेटची पुढची काच, कारखान्यातील संरक्षक चष्मे, मोटारीच्या दिव्यांवरील आवरणे, विजेची बटणे, छपरात उजेडासाठी बसविलेले पारदर्शक पत्रे, सीडीच्या तबकड्या व पाण्याचे २० लिटरचे जार यांत ते आढळते. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमटही याच द्रव्याचा होता. ज्या मुलांस चष्मा लागतो, त्यांच्यासाठी पॉलिकार्बोनेटचे भिंग अधिक सुरक्षित असते. खेळताना चेंडू लागला तरी त्याचा तुकडा डोळ्यात जाण्याचा धोका फार कमी असतो. पालकसभेत ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता मर्यादा पाहू. आघातास न डगमगणारे हे द्रव्य ओरखड्यास मात्र लवकर बळी पडते. संरक्षक लेप नसल्यास उन्हाने ते पिवळे व ठिसूळ होते. ॲसिटोनसारख्या द्रावकांनी त्यास बारीक तडे जातात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, गरम पाणी व तीव्र क्षार यांच्या संपर्काने त्यातील बिस्फेनॉल-ए अल्प प्रमाणात पाण्यात उतरू शकते. हे रसायन शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात व्यत्यय आणू शकते. याच कारणास्तव युरोपीय संघाने २०११ साली तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत पॉलिकार्बोनेट वापरण्यास बंदी केली, आणि २०१५ च्या भारतीय मानकानेही अशा बाटल्यांसाठी ते वर्ज्य ठरविले.

यास्तव शाळेत पाण्याचा जार असल्यास पुढील दक्षता घ्यावी. जार उन्हात ठेवू नये. त्यात गरम पाणी ओतू नये. तारेच्या घासणीने किंवा धुण्याच्या सोड्याने तो घासू नये. सौम्य साबण व मऊ फडके पुरेसे आहे. ओरखड्यांनी धुरकट झालेला वा तडकलेला जार बदलावा. जारच्या तळाशी त्रिकोणात ७ हा अंक असतो. परंतु तो 'इतर प्लास्टिके' या वर्गाचा आहे. त्याजवळ पॉलिकार्बोनेटची 'पीसी' ही रोमन अक्षरे असल्यास निश्चिती होते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. बादलीभर पाण्यात जुनी सीडी उभी धरून सोडावी, ती बुडेल. बाटलीच्या झाकणाचा सपाट तुकडा पाण्याखाली दाबून सोडावा. तो वर येईल. दोन्ही प्लास्टिकेच, मग असे का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. सीडीतून सूर्याकडे मात्र कोणीही पाहू नये, हे आधीच बजावावे.

कोणतेही द्रव्य सर्वस्वी चांगले वा वाईट नसते; ते कोणत्या कामास योग्य आहे, हे पाहावे लागते. डोळ्यांच्या रक्षणास जे उत्तम, ते कढत दूध ठेवण्यास अयोग्य ठरू शकते. वस्तू हाती घेताच 'ही कशाची आणि कशासाठी?' असे विचारण्याची सवय मुलांस लागली, तर हा पाठ सार्थकी लागला असे समजावे.