वेढलेल्या गावाला मदत कशी पोचवायची?

आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे, पण ऐकताना आपला शिरोळ तालुकाच आठवेल.

अमेरिकेच्या हवाई राज्यात माउई नावाचं बेट आहे. तिथल्या लहैना गावात ८ ऑगस्ट २०२३ ला वणवा शिरला. शंभरावर माणसं गेली, दोन हजारांहून जास्त इमारती जळाल्या. गावामागच्या उतारावर पूर्वी ऊस होता बरं का! १९९९ मध्ये तिथला साखर कारखाना बंद झाला, रानं पडीक राहिली, बाहेरून आलेलं उंच गवत माजलं. ते वाळलेलं होतं, त्यात सोसाट्याचा वारा.

रस्ते बंद झाले, तेव्हा बेटावरचेच लोक होड्यांतून पाणी, अन्न घेऊन आले. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाला कसलं औषध लागतं, हे त्यांना माहीत होतं.

आपल्याकडे ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची कितीतरी गावं बेटंच झाली. मदत पुष्कळ आली, पण रस्त्याकडेच्या गावाला दोनदा आणि आतल्या वस्तीला काहीच नाही, असंही झालं. जुन्या कपड्यांचे तर ढीग पडले. बायकांना हवी होती आतली कापडं, पॅड, चादरी, चार भांडी. जनावरांना वैरण. फाटकी साडी देऊन पुण्य मिळतं असं ज्यांना वाटतं, त्यांना काय म्हणायचं?

म्हणून आधी फोन. त्या गावच्या बचत गटातल्या बाईला किंवा आशाताईला विचारा, किती घरं, काय लागतंय. तिनं सांगितलं तेवढंच न्या. जवळचा बाजार सुरू झाला असेल तर पैसेच द्या, तिथल्या दुकानदाराचाही धंदा उभा राहतो.

खरी गरज मात्र टेम्पो येणं थांबल्यावर लागते. लहैनाचे लोक कित्येक महिने हॉटेलांत राहिले, घरभाडी परवडेनात, काहींनी बेटच सोडलं. आपल्याकडे तेव्हा पंचनामा आणि कर्जाचा हप्ता पुढ्यात येतो. चिखल काढायच्या आधी पडक्या भिंतीचे, भिजलेल्या सामानाचे फोटो काढायला सांगा. एकटी बाई असेल, घर सासऱ्याच्या नावावर असेल, तर तलाठ्याकडं तिच्यासोबत जा. आपत्तीनंतर कर्जाच्या परतफेडीला मुदत वाढवून देण्याची सोय बँकांच्या नियमांत आहे. ती आपोआप मिळेल म्हणून थांबू नका. गटाचा अर्ज लिहा, चौघी मिळून बँकेत जा, पोच घ्या.

पुढच्या बैठकीत शेजारच्या पाच गावांतल्या गटांचे फोन नंबर वहीत उतरवा. वही मात्र माळ्यावर ठेवा, तळातल्या पेटीत नको.